२२ जून : एका तारखेची गोष्ट

बालमित्रांनो, वर्गात शिरल्यावर फळ्याच्या कोपऱ्यात रोज काय लिहिलेलं दिसतं? वार, तारीख, पट, हजर, गैरहजर. बरोबर ना? आणि पुष्कळ शाळांमध्ये त्याच्याखाली आणखी एक ओळ असते. तिचं नाव दिनविशेष! कोणाचा तरी जन्म, कोणाची तरी पुण्यतिथी, कुठली तरी लढाई. परिपाठाच्या वेळी कोणीतरी ती ओळ घडाघडा वाचून दाखवतो. दुसऱ्या दिवशी डस्टर फिरतं आणि नवी ओळ येते. झालं! कालचं काल, आजचं आज.

पण ही ओळ लिहितात तरी कशासाठी? नुसती पाठ करायला? छे!

तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आई-बाबा, काका-मामा भोसरीला, पिंपरीला, तळवड्याला नाहीतर चाकणला कारखान्यात कामाला जातात. आज ते पाळीवरून घरी आले की त्यांना एक प्रश्न विचारा. तयार झालेल्या मालावर तारीख आणि बॅच नंबर कशाला टाकतात? ते सांगतील, ‘‘अरे, उद्या एखाद्या गाडीचा एखादा भाग खराब निघाला, तर त्या नंबरावरून मागे मागे जाता येतं. तो कोणत्या दिवशी बनला, कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर, कुठून आलेल्या लोखंडातून, सगळा माग लागतो!’’

इतिहासातली तारीखही अशीच असते बरं का. तिचं बोट धरलं की मागे जाता येतं, म्हणजे हे का घडलं ते कळतं. आणि पुढेही जाता येतं, म्हणजे त्यातून काय झालं ते कळतं.

चला तर, आज आपण एकच तारीख घेऊ या. २२ जून! शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झालेला, नव्या पुस्तकांचा वास अजून गेलेला नाही, आणि बाहेर पाऊस येतो-जातो आहे, असे हे दिवस. आपल्या पिंपरी-चिंचवडकरांची तर ही अगदी घरची तारीख आहे. का ते सांगते.

चिंचवडचे तीन भाऊ

चिंचवडगावातला चापेकर चौक तुम्ही पाहिलाच असेल. बसचा कंडक्टर ‘‘चापेकर चौऽक’’ म्हणून ओरडतो, माणसं उतरतात, चढतात, आणि बस पुढे जाते. त्या चौकात ज्यांचे पुतळे आहेत, ते चापेकर बंधू कोण होते?

दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे सख्खे भाऊ. घर चिंचवडचं. वडील हरिपंत कीर्तनकार होते. गावोगाव कीर्तनं करायची आणि मुलांनी त्यांना साथ करायची, असं हे घर. थोरल्या दामोदरचा जन्म १८६९ सालचा. व्यायामाची त्यांना भारी आवड. तरुण मुलांना जमवावं, तालीम करावी, असा त्यांचा नाद होता.

तारीख २२ जून १८९७. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला गादीवर बसून ६० वर्षं झाली होती, म्हणून साऱ्या साम्राज्यात थाटामाटाचे समारंभ चालले होते. पुण्यात गणेशखिंडीला गव्हर्नरचा मोठा बंगला होता. तिथे त्या रात्री दिव्यांची रोषणाई होती, मेजवानी होती. मेजवानी संपली. साहेबांच्या घोडागाड्या एकामागून एक बाहेर पडू लागल्या. अंधारात काही तरुण दबा धरून बसले होते. ‘‘गोंद्या आला रे!’’ अशी खुणेची हाक आली. दामोदर धावत एका गाडीवर चढले आणि आत बसलेल्या रँड नावाच्या अधिकाऱ्यावर त्यांनी गोळी झाडली. मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट होता. त्याच्यावर बाळकृष्णांनी गोळी झाडली. आयर्स्ट जागीच मरण पावला.

आता इथे जरा थांबा हं. फळ्यावर बहुतेक वेळा काय लिहिलेलं असतं? ‘२२ जून १८९७ – रँडचा वध.’ पण रँड त्या दिवशी मेला नाही. तो ससून रुग्णालयात होता आणि ३ जुलै १८९७ ला मरण पावला. म्हणजे गोळी झाडली ती २२ जूनला, आणि मृत्यू झाला तो ११ दिवसांनी. दिनविशेष लिहिताना असं नीट पाहायचं असतं. आपण एका ओळीत जे लिहितो, तेच पुढे शंभर वह्यांत उतरतं!

मागे जाऊन पाहू

आता तारखेचं बोट धरून मागे जाऊ. हे तरुण असं का करायला निघाले?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. फार भयंकर रोग! ताप येई, काखेत, जांघेत गाठी येत आणि थोड्याच दिवसांत माणूस जाई. काही महिन्यांतच तो पुण्यात पोचला. रोग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे तेव्हा लोकांना ठाऊक नव्हतं. औषधही नव्हतं. सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांसाठी एक नवा कायदा केला आणि पुण्याच्या प्लेग कमिटीचा मुख्य म्हणून रँडला नेमलं.

आजारी माणसाला वेगळं ठेवायचं, घर धुऊन काढायचं, या गोष्टी काही वाईट नाहीत. पण रँडने हे काम कसं केलं? गोऱ्या सैनिकांच्या हातून! सैनिक घराघरांत घुसत. स्वयंपाकघर म्हणू नका, देवघर म्हणू नका. बायामाणसांना सगळ्यांदेखत तपासत. घरातलं सामान बाहेर काढून जाळत. ज्याला प्लेग नाही त्यालाही कधीकधी उचलून नेत. लोकांनी तक्रारी केल्या, अर्ज केले. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’त कडक लिहिलं. ऐकणार कोण? रोगापेक्षा रोगाचा बंदोबस्तच लोकांना नकोसा झाला.

तुमच्यातल्या मोठ्या मुलांना करोनाचे दिवस थोडेफार आठवत असतील. धाकट्यांनी आई-बाबांना विचारा. बंद रस्ते, घराबाहेर लावलेल्या पट्ट्या, दारात ठेवलेलं दूध. २०२० मध्ये महाराष्ट्रात जे नियम लागू झाले, ते कोणत्या कायद्याखाली, ठाऊक आहे? त्याच १८९७ च्या कायद्याखाली! कायदा जुनाच, पण या वेळी तो राबवणारं सरकार आपण निवडलेलं होतं. चुकलं तर विचारायची सोय होती. १८९७ मध्ये ती सोय नव्हती. फरक तिथे आहे.

पुढे काय झालं?

आता तारखेच्या पुढे जाऊ. सरकारने खबर देणाऱ्याला २० हजार रुपयांचं बक्षीस लावलं. त्या काळचे २० हजार! फितुरी झाली आणि काही महिन्यांतच दामोदर पकडले गेले. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय २८. बाळकृष्ण बरेच महिने निजामाच्या मुलखात लपून राहिले, पण शेवटी तेही सापडले. ज्या दोन भावांनी फितुरी केली, त्यांना धाकट्या वासुदेवने आणि त्याचा मित्र महादेव रानडे याने १८९९ च्या फेब्रुवारीत गोळ्या घातल्या. मग मे महिन्यात ८ तारखेला वासुदेव, १० तारखेला महादेव रानडे आणि १२ तारखेला बाळकृष्ण, असे तिघे फासावर गेले. पाच दिवसांत तीन! एका घरातले तिन्ही मुलगे संपले.

पुढे या घटनेवर मराठीत एक सिनेमा आला. १९७९ साली. त्याचं नावच मुळी ‘२२ जून १८९७’. आणि २०१८ मध्ये टपाल खात्याने दामोदर चापेकरांचं तिकीट काढलं.

ही गोष्ट वर्गात सांगितली की एक प्रश्न हमखास येतो. ‘‘बाई, पण माणसाला मारणं चांगलं असतं का?’’

मुलांनो, हा प्रश्न विचारायला मुळीच घाबरू नका. मी वर्गात सरळ सांगते, नाही, माणसाचा जीव घेणं चांगलं नसतं. आयर्स्टलाही घरदार होतं. मग चापेकरांना आपण मान का देतो? ज्यांच्या हातात मत नव्हतं, ज्यांचा अर्ज कोणी वाचत नव्हतं, अशा माणसांनी आपल्या लोकांचा अपमान सहन केला नाही, आणि त्याची किंमत आपल्या जिवाने मोजली, म्हणून. आज आपल्याकडे मत आहे, कोर्ट आहे, वर्तमानपत्र आहे. अन्याय झाला तर तिथे जायचं. ते सगळं मिळावं म्हणून आपल्या आधीच्या कितीतरी माणसांनी आयुष्यं घालवली, हेही विसरायचं नाही.

त्याच साथीत आणखी दोघं

गंमत पाहा, त्याच १८९७ मध्ये त्याच प्लेगशी आणखी दोन माणसं झुंजत होती. पण अगदी वेगळ्या तऱ्हेने.

एक होते डॉ. हाफकिन. मुंबईत एका छोट्याशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगवरची लस तयार केली. ती आधी टोचायची कोणाला? १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली! मुंबईत परळला त्यांच्या नावाची हाफकिन संस्था आहे.

आणि दुसऱ्या होत्या आपल्या सावित्रीबाई फुले. मुलींच्या शाळेतल्या पहिल्या बाई, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. प्लेगच्या वेळी त्या ६६ वर्षांच्या होत्या. मुलगा डॉ. यशवंत याने पुण्याबाहेर दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई स्वतः रोगी आणत, त्यांची सेवा करत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, असं सांगतात. त्यातच त्यांना प्लेगने गाठलं आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. गणेशखिंडीतल्या रात्रीच्या साडेतीन महिने आधी.

आता खरी गोष्ट ऐका. राणीसाठी रोषणाई केलेला तो गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला अजून उभा आहे. स्वातंत्र्यानंतर तिथे पुणे विद्यापीठ आलं. २०१४ साली त्या विद्यापीठाला नवं नाव मिळालं. काय माहीत आहे? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ! ज्या बंगल्यात प्लेगच्या वर्षी मेजवान्या झडल्या, त्या बंगल्याच्या पाटीवर आज प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेलेल्या बाईंचं नाव आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या अगदी शेजारची. पिंपरीतली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली सुरू झाली. तिथे आधी पेनिसिलिन बनू लागलं आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. हे स्ट्रेप्टोमायसिन प्लेगवर चालतं. म्हणजे १८९७ मध्ये ज्या रोगापुढे सगळे हतबल झाले होते, त्याचं औषध पुढे चिंचवडच्या शेजारी पिंपरीतच तयार होऊ लागलं!

मैदानावरचा २२ जून

एवढा वेळ शांत बसून ऐकलंत, आता खेळायला चला!

२२ जून १९८३. इंग्लंडमध्ये मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान. विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत विरुद्ध इंग्लंड. तेव्हा एका डावात ६० षटकं असत. भारत जिंकेल असं कोणालाच, अगदी आपल्याकडच्या लोकांनाही, वाटत नव्हतं. इंग्लंडचा डाव २१३ धावांत संपला. कपिल देवने ३ बळी घेतले, मोहिंदर अमरनाथने २७ धावांत २. जिंकायला २१४ हव्या होत्या. अमरनाथने ४६ केल्या, यशपाल शर्माने ६१. आणि मग आला आपला मुंबईचा संदीप पाटील! ३२ चेंडूंत नाबाद ५१. चौकारांवर चौकार! भारताने ६ गडी आणि ३२ चेंडू राखून सामना मारला. सामनावीर अमरनाथ. तीनच दिवसांनी, २५ जूनला, लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवून कपिलच्या संघाने विश्वचषक उचलला. तो फोटो सगळ्यांना माहीत असतो. पण त्या फोटोपर्यंत पोचायची पायरी होती २२ जूनची. आजोबांना विचारून पाहा, ते तुम्हाला रेडिओवरच्या कॉमेंटरीसकट सांगतील.

२२ जून १९८६. मेक्सिको शहरातलं अॅझ्टेका स्टेडियम. फुटबॉलच्या विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. ५१ व्या मिनिटाला मॅराडोनाने उडी मारून चेंडू गोलात घातला. पण डोक्याने नाही, चक्क हाताने! पंचांना ते दिसलं नाही आणि गोल दिला गेला. नंतर अवघ्या चार मिनिटांनी त्याच मॅराडोनाने आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेतला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला, शेवटी गोलरक्षकालाही, आणि गोल! २००२ मध्ये लोकांनी मतं देऊन त्याला विश्वचषकातला शतकातला सर्वोत्तम गोल ठरवलं. अर्जेंटिना २-१ ने जिंकली. दिनविशेषात दोन्ही गोल लिहायचे बरं का. नुसता चांगला लिहून फसवणुकीचा गाळायचा नाही, आणि फसवणुकीचा लिहून चांगला विसरायचा नाही.

आणि २२ जून १९९६. लॉर्ड्सवर सौरव गांगुली आपला पहिलाच कसोटी सामना खेळत होता. पहिल्याच डावात त्याने १३१ धावा केल्या. त्याचं शतक पूर्ण झालं ते याच दिवशी. त्याच सामन्यात राहुल द्रविडही पहिल्यांदाच खेळत होता. त्याचं शतक ५ धावांनी हुकलं, ९५ वर बाद! पण त्या ९५ धावांनी द्रविड खचला का? पुढे कसोटीत त्याने १३ हजारांहून जास्त धावा केल्या. परीक्षेत थोड्यासाठी नंबर हुकला की हे आठवायचं.

वाढदिवस कोणाकोणाचे?

२२ जूनला जन्मलेल्या पुष्कळ माणसांतून मी दोघांना निवडलं आहे.

कोनराड झुसे. जन्म २२ जून १९१०, बर्लिन, जर्मनी. हा इंजिनिअर होता. तीच तीच लांबलचक गणितं करून तो कंटाळला. त्याने ठरवलं, हे काम मशीनने करावं! आई-वडिलांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत त्याने आपलं पहिलं गणकयंत्र उभं केलं. १९४१ साली त्याचं ‘झेड-३’ तयार झालं. सूचना दिल्या की त्यांप्रमाणे आपोआप काम करणारा तो जगातला पहिला चालता संगणक मानला जातो. पण नेमकं त्याच वर्षी २२ जूनला, झुसेच्या एकतिसाव्या वाढदिवशी, हिटलरच्या सैन्याने रशियावर चढाई केली आणि महायुद्ध आणखी भडकलं. पुढे बर्लिनवर बॉम्ब पडले, त्यांत झेड-३ नष्ट झाला. झुसेने मात्र काम सोडलं नाही.

अमरीश पुरी. जन्म २२ जून १९३२. ‘मिस्टर इंडिया’तला मोगँबो! पडद्यावर हा माणूस आला की लहान मुलं आईच्या मागे लपत. पण सिनेमात नाव होण्याआधी ते मुंबईत कितीतरी वर्षं नोकरी करत होते. कुठे, ठाऊक आहे? कामगार राज्य विमा महामंडळात, म्हणजे आपण ज्याला ‘ईएसआय’ म्हणतो तिथे! तुमच्या बाबांच्या खिशात त्याचं कार्ड असेल. दिवसा नोकरी, संध्याकाळी नाटकाच्या तालमी. चाळिशीनंतर सिनेमात त्यांचं नाव झालं.

आकाशाकडे पाहणारे

२२ जून १६३३. रोममध्ये ६९ वर्षांचा एक म्हातारा शास्त्रज्ञ गुडघे टेकून उभा होता. त्याचं नाव गॅलिलिओ. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असं त्याने लिहिलं होतं. चर्चच्या न्यायालयाने त्याच्याकडून वदवून घेतलं, की मी म्हणालो ते चूक होतं. उरलेलं आयुष्य त्याला नजरकैदेत काढावं लागलं. पृथ्वी अर्थातच फिरतच राहिली! चर्चने आपली चूक कबूल केली ती १९९२ मध्ये, म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षांनी.

२२ जून १९७८. अमेरिकेत जेम्स ख्रिस्ती नावाचे खगोलशास्त्रज्ञ प्लुटोचे फोटो तपासत होते. काही फोटोंत प्लुटो लांबट दिसत होता, एका बाजूला टेंगूळ आल्यासारखा. फोटो खराब आले म्हणून ते बाजूला काढलेले होते. आपल्या कारखान्याच्या भाषेत, रिजेक्ट माल! पण ख्रिस्ती थांबले. फोटो खराब असता तर शेजारचे तारेही लांबट दिसायला हवे होते. ते तर गोलच होते. मग हे टेंगूळ काय? तो निघाला प्लुटोचा चंद्र! त्याचं नाव शॅरन ठेवलं. माल रिजेक्ट करण्याआधी एकदा नीट पाहावा, तो असा.

आणि आता परत आपल्या पुण्याकडे. २२ जून २०१६, सकाळी ९ वाजून २६ मिनिटं. श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ हे इस्रोचं रॉकेट आकाशात झेपावलं. त्याने एका फेरीत २० उपग्रह नेले. इस्रोने तोवर एका वेळी एवढे उपग्रह कधीच सोडले नव्हते. त्या विसांतला एक अगदी चिमुकला होता. वजन साधारण १ किलो. तुमच्या डब्यापेक्षा फार मोठा नाही! त्याचं नाव ‘स्वयम्’. तो बनवला होता पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी. एका वर्षाचं काम नव्हे हे. मुलं शिकून बाहेर पडत, नवी मुलं येत आणि आधीच्यांनी जिथे सोडलं तिथून पुढे काम चालू. बॅच बदलत गेल्या, काम थांबलं नाही. एकाने फळा पुसला आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, असं त्यांनी केलं असतं, तर ‘स्वयम्’ उडालाच नसता.

ज्या गणेशखिंडीत १८९७ साली गोळ्या सुटल्या, तिथून सीओईपी फार लांब नाही. मधे ११९ वर्षं. तारीख तीच. एकदा तिथले तरुण अंधारात दबा धरून बसले होते, कारण त्यांचं ऐकायला कोणी नव्हतं. आणि एकदा तिथल्याच तरुणांनी स्वतः बनवलेला उपग्रह आपल्या देशाच्या रॉकेटने आकाशात गेला.

तारीख आणि तिथी

तुम्ही विचाराल, ‘‘बाई, मग दर २२ जूनला आपल्याकडून पालखी का जात नाही? मागे एकदा तर त्याच सुमाराला होती!’’ छान प्रश्न. तुकोबांची पालखी देहूहून निघते ती ज्येष्ठ वद्य सप्तमीला, आणि माउलींची आळंदीहून अष्टमीला. या तिथ्या चंद्रावरून ठरतात, तारखा सूर्यावरून. म्हणून पालखीची तारीख दर वर्षी बदलते. २०२२ मध्ये २२ जूनला दोन्ही पालख्या पुण्यात आल्या होत्या. दिनविशेषाच्या वहीत तिथीसाठीही एक जागा ठेवा.

तुमची तारीख कोणती?

आता तुमचं काम. एक वही घ्या. स्वतःच्या वाढदिवसाची तारीख लिहा आणि पानाचे चार भाग करा – इतिहास, वाढदिवस, खेळ आणि चौथा भाग, आमचं घर.

पहिल्या तीन भागांसाठी वाचनालयात जा. एका पुस्तकात सापडलेली तारीख दुसऱ्या पुस्तकात तपासा. दोन्हीकडे जुळली तरच पेनने लिहा, नाहीतर पेन्सिलने लिहून ठेवा. आणि प्रत्येक ओळीखाली दोन प्रश्न लिहा. हे का झालं? पुढे काय झालं?

चौथा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. तो कुठल्याच पुस्तकात सापडायचा नाही. आपल्या भागात कितीतरी घरं बाहेरून आलेली आहेत. कोणी लातूरहून, कोणी बीडहून, कोणी जळगावहून, कोणी थेट बिहारमधून. आई-बाबा पहिल्यांदा इथे कोणत्या तारखेला उतरले? बाबांना पहिला पगार कधी मिळाला? आजीला गावाकडची कोणती तारीख अजून आठवते? ते लिहा. वाढदिवसाचीच तारीख जुळली पाहिजे असं नाही. जी सापडेल ती.

पालकांसाठी दोन शब्द. मुलं असं काही विचारायला आली की ‘‘आता वेळ नाही’’ म्हणू नका. पाळीवरून दमून आला असाल, तरी पाच मिनिटं पुरतात. आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना चिंचवडगावात घेऊन जा. चापेकर चौकात बसमधून खाली उतरा, पुतळ्यांपाशी उभे राहा आणि मुलांना विचारू द्या. सगळी उत्तरं तुम्हाला आली पाहिजेत असं मुळीच नाही. ‘‘चल, शोधू या’’ एवढं म्हणालात तरी खूप झालं.

मग काय, दोस्तांनो? उद्या परिपाठाला दिनविशेष वाचायची पाळी तुमची असेल, तर नुसती ओळ वाचून खाली बसू नका. तिच्या मागचं एक वाक्य आणि पुढचं एक वाक्य सांगूनच बसा. सांगाल ना?